दहा टॅबचा राखणदार

आमच्या शाळेत टॅब आले तेव्हा त्यांच्यासाठी पहिली वस्तू मी आणली, ती म्हणजे कुलूप. चिखलीला जाऊन, चार दुकानं पालथी घालून, चांगलं जाडजूड पितळी. दुकानदार म्हणाला, "आबा, आत सोनं ठेवता का काय?" मी म्हटलं, "तुले काय करायचं बाप्पा, तू कुलूप दे."

देऊळघाटापासून थोडं आत आमचं गाव. शाळा चौथीपर्यंत. दोन खोल्या, एक मॅडम, अठरा लेकरं. मी शाळा समितीचा अध्यक्ष. अध्यक्ष पालकच होऊ शकतो असा नियम आहे. माझी नात चौथीत, तिचे मायबाप कंपनीच्या कामाला संभाजीनगरकडे, म्हणून कागदावर तिचा पालक मी. बाकीच्या पालकांना शेतातून सवड नाही आणि मला सवडीशिवाय दुसरं काही नाही, म्हणून मी निवडून आलो. गावात मात्र मी असं सांगत होतो की माझं शिक्षण पाहून निवडलं. शिक्षण चौथी.

टॅब दहा होते. पाटीएवढे, काळे, काच लावलेले. ते तालुक्याच्या ऑफिसनं तीन महिन्यांसाठी दिलेत असं मॅडमनी समितीत वाचून दाखवलं. लेकरांनी त्यावर अभ्यास केला तर शाळेला कायमचे, नाही तर परत. मी त्यातलं 'परत' तेवढं ऐकलं. मनात म्हटलं, परत द्यायची वस्तू आहे, तर जशी आली तशीच ठेवली पाहिजे. उसना पेटी-तबला घेतला तरी आम्ही खोळीसकट परत करतो.

पूजा तर झालीच पाहिजे. मोटर आणा, ट्रॅक्टर आणा, हळदकुंकू लागल्याशिवाय आमच्याकडे वस्तू कामाला लागत नाही. दहाही टॅब टेबलावर मांडले, प्रत्येकाच्या काचेवर पाच बोटं हळदीची, पाच कुंकवाची. मॅडम म्हणत होत्या, "आबा, काचेवर नको, बाजूला लावा." मी म्हटलं, "मॅडम, कपाळ सोडून कुंकू कानाले लावतात का?" मग नारळ फोडला. पाणी वाटीत जायचं ते उडालं, आणि त्यातलं थोडं एका टॅबच्या खालच्या भोकात गेलं. तो टॅब पुढं आठ दिवस कविता म्हणायचा तेव्हा गुळण्या केल्यासारखा म्हणायचा. मॅडमनी तांदळाच्या डब्यात ठेवून त्याला बरा केला. मी सगळ्यांना सांगितलं की वस्तू वरूनच अशी आली होती.

नियम मी केले. काचेवरची प्लास्टिकची पातळ झिल्ली काढायची नाही. हात धुवायचे, पंच्याला पुसायचे, मांडी घालून बसायचं. टॅब मांडीवर नाही, पाटावर. एकच बोट लावायचं. आणि मी सांगितलं, "ज्याच्या हातून फुटला त्याचं नाव पटावरून काढतो. मग तो माह्या घरचा असला तरी." एवढं बोलून मी दारात उभा राहायचो. हातात काठी. काठी मारायला नव्हती, गुडघ्यासाठी होती, पण लेकरांना हे कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

लेकरं टॅबला बोट कसं लावत होती ते मला आजही दिसतं. भाकर फुगली का ते पाहायला तव्यावर बोट टेकवतात आणि लगेच मागं घेतात, तसं. पाच मिनिटं झाली की स्वतःहून म्हणायची, "मॅडम, झालं." मॅडम म्हणायच्या, "अरे, अजून गोष्ट संपली नाही." तर म्हणायची, "नाई मॅडम, झालं." मला वाटायचं, काय शहाणी लेकरं, वस्तू जपून राह्यली. मी टॅब मोजून कपाटात ठेवायचो, कुलूप ओढून पाहायचो, आणि किल्ली करगोट्याला बांधून घरी यायचो.

एक दिवस सकाळी नात वेणी घालून घेत होती. आजीला म्हणाली, "आजी, मले टॅबच्या दिवशी शाळेत जायचं नाई."

मी ओट्यावरून विचारलं, "काऊन?"

आजीनं वेणी ओढत सांगितलं, "काऊन काय विचारता? हात कापतात म्हणते तिचे. तुम्ही दारात उभे राह्यता ना फौजदारासारखे."

"मी राखण करून राह्यलो."

"राखण करा ना. पण कोणापासून, त्या लेकरांपासून?"

मी उठून वावराकडे निघून गेलो. मला उत्तर सुचलं नाही की मी असाच उठतो. गावाला वाटतं, माणूस कामाचा आहे.

दोन महिने झाले आणि तालुक्याचे साहेब पाहायला आले. मी त्या दिवशी धोतर बदललं, टोपीला नीळ दिली. साहेबांना खुर्ची दिली आणि समितीच्या तीन माणसांसमोर कपाट उघडलं. दहाच्या दहा टॅब, झिल्लीसकट, खोक्यातले फोमचे तुकडेसुद्धा सांभाळून ठेवलेले. मी म्हटलं, "पाहा साहेब. एक ओरखडा दाखवा."

साहेबांनी एक टॅब उचलला, दुसरा उचलला. मग आपल्या मोबाइलवर काही पाहिलं. "आबा, ओरखडा नाही हेच तर दुखणं आहे. हे टॅब किती वेळ चालले ते मला तालुक्यात बसून दिसतं. तुमच्या शाळेचे टॅब झोपलेत."

"झोपले नाई साहेब, जपलेत."

"जपायला दिले नव्हते." साहेब रागावले नाहीत, त्यानंच मला जास्त लागलं. "सोनाळ्याकडे एक शाळा कधीची मागते आहे. एक महिना उरलाय. असंच राहिलं तर मी उचलून तिकडे देणार. मॅडम, तुम्ही सांगितलं नाही का यांना?"

मॅडम म्हणाल्या, "माझीच चूक आहे, साहेब." खरं म्हणजे त्यांनी मला दहा वेळा सांगितलं होतं. मी दहाही वेळा म्हटलं होतं, "मॅडम, तुम्ही शिकवायचं पाहा, सामानाचं मी पाहतो."

साहेब गेले. समितीची माणसं चपला शोधायच्या निमित्तानं गेली. मॅडम फळा पुसत होत्या, आणि फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मागं न वळता म्हणाल्या, "आबा, टॅब गेले तर जाऊ द्या. पण ही मुलं पाचवीला देऊळघाटला जाणार. तिथं बाकीची मुलं सर्रास चालवतील आणि आपली हात मागं बांधून उभी राहतील. ती भीती काही सोनाळ्याला जाणार नाही, ती इथंच राहणार. मी समजावून थकले. मी बोलते तेव्हा ती दाराकडे पाहतात, तुम्ही आहात का ते. भीती तुम्ही घातली, आता तुम्हीच काढा."

आयुष्यात मला इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं, बायको सोडून. आणि एक महिना होता.

दुसऱ्या दिवशी मी काठी बाहेर ठेवली, वर्गात गेलो आणि भाषण केलं. म्हटलं, "आजपासून भ्यायचं नाही. टॅबले बिनधास्त हात लावायचा. जो भिईल त्याची गाठ माह्याशी हाय." पहिलीतला एक लहानगा रडायला लागला. बाकीच्यांनी हात काखेत घातले. मॅडमनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "आबा, बसा खाली. तुम्हीच चालवून दाखवा."

आता खरी अडचण ती होती. दोन महिने राखण केली, पण टॅब चालवणं सोडा, मी त्याला पंच्याच्या आडून धरत होतो. माझ्याकडे बटणांचा मोबाइल, त्यातही हिरवं आणि लाल एवढंच माझं. पण अठरा लेकरांसमोर 'मला येत नाही' असं म्हणायला जीभ वळली नाही. मी बसलो. मॅडमनी पुढं टॅब ठेवला. त्यावर प्रश्न आला. खाली चार चित्रं. मी ओठांत वाचत गेलो: यापैकी रब्बीचे पीक कोणते. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा.

मला हसू आलं. पन्नास वर्षं हरभरा पेरला, खुडला, झोडला. मी मोठ्यानं म्हटलं, "हरभरा," आणि वाट पाहत बसलो.

"आबा, बोलून नाही होत, दाबा," मॅडम म्हणाल्या.

मी दाबलं. काही झालं नाही. माझी बोटं म्हणजे वाळलेलं लाकूड. रेशनच्या मशीनलासुद्धा माझा अंगठा तीनदा धुतल्याशिवाय पटत नाही. मी आणखी जोरात दाबलं, जसा ढेकूळ फोडतो तसा. काही नाही. मग थुंकी लावून दाबलं, तर बोट घसरलं आणि सोयाबीनवर जाऊन थांबलं. टॅबमध्ये लाल फुली आली आणि एक बाई गोड आवाजात म्हणाली, "उत्तर चुकले. पुन्हा प्रयत्न करा."

मी म्हटलं, "चुकलं कोणाचं? ओ बाई, मले हरभरा शिकवून राह्यल्या? तुम्ही कधी वावरात पाय ठेवला का?"

बाईनं पुन्हा सांगितलं, "उत्तर चुकले."

"मी हरभराच म्हटलं. इचारा या सगळ्यायले. बोट घसरलं तं काय माणूस अडाणी झाला?"

मागून कोणी तरी फुसकन हसलं. मी वळून पाहिलं तर सगळ्यांनी तोंडं दाबलेली. माझ्या नातीनंही. राग यायला हवा होता, आलाही, पण तो कोणावर काढावा ते कळेना. टॅबमधल्या बाईवर काढून झाला होता. तेवढ्यात नात उठली, माझ्याजवळ आली आणि माझं बोट धरून म्हणाली, "आबा, असं नाई. तुम्ही बैल हाकलून राह्यल्यासारखं करता. मांजरीच्या पिलाले लावता तसं लावा. हलकं." आणि तिनं टॅब पाटावरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. झिल्ली मध्ये येत होती, ती तिनं कोपऱ्यातून धरून सर्रकन ओढून काढली. तो आवाज माझ्या काळजातून गेला. मी गप्प बसलो. गप्प बसणं हे माझं त्या महिन्यातलं सगळ्यात मोठं काम.

त्यानंतर लेकरांना एकच धंदा झाला, आबाले शिकवणं. मला शिकवायचं तर टॅब हातात घ्यावा लागतो. हातात घेतला तर आधी आपल्याला यावा लागतो. भांडायची, "आज आबा माह्याकडे." "नाई, काल तुह्याकडे होते." मी अध्यक्ष, आणि लेकरं मला पत्त्याच्या पानासारखं आपसांत वाटून घेत होती. एकानं मला आवाज कमीजास्त करायला शिकवला. एकीनं पान मागं कसं न्यायचं ते शिकवलं, आणि मी चुकलो की आपली मॅडम म्हणते तसंच म्हणायची, "लक्ष कुठं आहे तुमचं?" मला जे सांगितलं ते मी दुसऱ्या दिवशी विसरायचो, म्हणून त्यांना रोज नव्यानं सांगावं लागायचं. त्यात त्यांचा हात बसला. माझ्या मंद डोक्याचा एवढा उपयोग आजवर कोणाला झाला नव्हता.

परीक्षाही असायची त्यात. दहा प्रश्न. पण नाव असल्याशिवाय टॅब परीक्षा घेत नाही. नातीनं यादीत मला भरलं. नावाच्या जागी माझं खरं नाव लिहिलं, जे गावात कोणी घेत नाही, आणि विचारलं, "इयत्ता कोणती टाकू?"

"चौथी."

गावात मी चौथी पास. खरं असं की चौथीत मी सहामाहीपर्यंत बसलो, मग बापानं गुरांमागं लावलं. हे घरचीला माहीत आहे आणि आता तुम्हाला. टॅबनं पास की नापास ते विचारलं नाही, मी त्याचे आभार मानले.

पहिल्या परीक्षेत मला दहापैकी तीन. हिशेबाला मी अडत नाही, तोंडी हिशेबात अजूनही बाजारात कोणाला ऐकत नाही. अडतो तो वाचायला. प्रश्नाच्या डोक्यावर एक घड्याळ फिरतं. मी 'एका शेतकऱ्याने' वाचून 'आपल्या शेतात' वर येतो तोवर टॅब म्हणतो वेळ संपली. दुसऱ्या दिवशीही तीन. लेकरं घरी जाता जाता गावभर ओरडत, "आबाले तीन." मी समितीच्या माणसांना सांगितलं की शाळेत दुसऱ्या कोणाला तरी तीन पडले, आपण फक्त देखरेखीला जातो.

घरची म्हणाली, "देखरेखीले रोज दोन तास? डबा भरून देऊ का, का तिथं खिचडी खाता?"

"अध्यक्षाले पाहावं लागते."

"पाहा, पाहा. नातीचं चौथीचं पुस्तक काल तुमच्या उशीखाली सापडलं."

मी हट्टाला पेटलो होतो. लेकरं सुट्टीत खेळायला गेली तरी मी खिडकीजवळ, जिथं रेंज येते तिथं, टॅब घेऊन बसायचो. तीन, चार, तीन, चार. पाच कधी आले नाहीत. मधल्या काळात टॅबांची दशा झाली. काचांवर बोटांचे ठसे, एकाचा कोपरा तडकला. तडकला त्या दिवशी ज्याच्या हातून पडला तो पोरगा माझ्याकडे पाहत उभा राहिला. सगळा वर्ग पाहत होता. मी म्हटलं, "चालतो का पाह्य." चालत होता. "मंग पाहून काय राह्यला, चालव." त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मी बाहेर जाऊन हातपंपावर पाणी प्यालो, तहान नव्हती तरी.

महिना संपला आणि साहेब आले. तीच खुर्ची, समितीची तीच तीन माणसं. या वेळी कपाट उघडायची गरज नव्हती. कुलूप कडीला नुसतं लटकत होतं आणि टॅब लेकरांच्या मांडीवर होते. साहेब त्यांच्यात बसले, एकीला काही विचारलं, तिनं पटापट करून दाखवलं. साहेबांचा चेहरा खुलला. मग ते यादी पाहू लागले आणि त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"मॅडम, पटावर किती?"

"अठरा, साहेब."

"इथं एकोणीस आहेत. आणि हा एकोणिसावा सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बसलाय. सुट्टीतसुद्धा. मार्क सगळ्यात कमी. कोण आहे हा? खोटं नाव टाकून वेळ भरून काढला का तुम्ही?" आवाज चढला नाही, पण थंड झाला. "असं असेल तर टॅब जातीलच, आणि तुमच्याबद्दल मला वेगळं लिहावं लागेल."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. त्या सांगणार नव्हत्या, हे मला कळलं. मी समितीच्या माणसांना काय सांगून ठेवलंय ते त्यांना माहीत होतं. लेकरंही गप्प. एरवी गावभर ओरडणारी, आणि आता अठरा तोंडं बंद. नात माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. माझ्या अब्रूसाठी सगळी शाळा मुकी झाली होती. मी थोडा वेळ ती अब्रू धरून बसलो. खोटं कशाला सांगू, चांगला वेळ धरून बसलो.

मग म्हटलं, "साहेब, तो मी हाय."

साहेब हसले, पण चांगलं नाही. "आबा, मॅडमना वाचवायला खोटं बोलू नका. तुम्ही अध्यक्ष आहात."

"अध्यक्ष हाव ना. पण तीन मार्क माझेच. चारबी माझेच."

समितीतला एक जण म्हणाला, "चवथी पास माणसाले चवथीत तीन?" मी त्याच्याकडे पाहिलं नाही. साहेबांना म्हटलं, "पास नाई साहेब. सहामाहीपर्यंत होतो."

साहेबांना अजूनही पटलं नव्हतं. त्यांनी एक टॅब माझ्या पुढं धरला. "तुम्हीच असाल तर परीक्षा द्या माझ्यासमोर."

मी बसलो. बोट पंच्याला पुसलं. लेकरं गोल करून उभी राहिली, मॅडमनी त्यांना मागं सारलं, कोणी सांगायचं नाही म्हणून. मला त्या दिवशी दहापैकी दहा हवे होते. एवढ्या माणसांसमोर, साहेबांसमोर, निदान सात तरी. मी जीव ओतला. घाम फुटला. एका प्रश्नात 'एका शेतकऱ्याने आपल्या शेतात' पर्यंत वेळेत पोचलो, त्यानं काय पेरलं ते वाचायच्या आत पान उलटलं. दहावा झाला. टॅबमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "दहापैकी चार."

मान वर करवेना. साहेबांनी माझ्या हातातून टॅब घेतला, आपल्या मोबाइलवरच्या यादीशी लावून पाहिला. तीन, चार, तीन, चार, चार.

"जुळतं," ते म्हणाले.

आयुष्यात नापास होऊन कोणाचं भलं केलं असेल तर तेवढं एकदाच. सात आले असते तर टॅब सोनाळ्याला गेले असते आणि मॅडमच्या मागं कागद लागला असता. लेकरांनी उड्या मारल्या. समितीची माणसं एकमेकांकडे पाहून मिशीत हसत होती, ती आजवर थांबलेली नाहीत.

साहेबांनी शाळेचं शेरेबुक मागवलं आणि लिहिलं. मॅडमनी ते माझ्याकडे सरकवलं, खाली अध्यक्षांची सही लागते. मी न वाचता सही करत नाही, म्हणून वाचायला घेतलं. नातीनं मदत करायला मान पुढं केली, तिला मी कोपरानं मागं सारलं. सगळे थांबले. 'टॅबचा वापर चांगला आहे. टॅब शाळेकडेच राहावेत. अध्यक्षांच्या वाचनाकडे विशेष लक्ष द्यावे.'

मी सही केली. मग म्हटलं, "साहेब, लक्ष द्यावं ते ठीक हाय. पण 'विशेष' तेवढं खोडा."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं.